चोवीस आवाज

नाना भाकरीची जाडी मोजायचे. ऐकीव सांगत नाही. त्यांच्या सावेडीच्या घरी, त्यांच्या शेजारी मांडी घालून बसलेलो असताना पाहिलेलं आहे. काकूंनी ताटात भाकरी टाकली की नाना सदऱ्याच्या खिशातून व्हर्निअर काढायचे. लोक खिशाला पेन लावतात, तसा त्यांच्या खिशाला तो दोन जबड्यांचा मापक कायम असायचा. भाकरीच्या कडेला तो लावायचे, एक डोळा बारीक करायचे आणि निकाल द्यायचे, "मध्ये तीन पॉइंट दोन, कडेला चार पॉइंट एक. कडा जाड आहे."

काकू तव्यावरची नजर न काढता म्हणायच्या, "उद्यापास्नं ड्रॉइंग देत चला. आन् नापास झाली तर उपाशी निजा."

नाना मग ती नापास भाकरी मुकाट्यानं खायचे. जगात नापास झालेली वस्तू नानांनी स्वीकारली, असं एवढं एकच ठिकाण.

आमचं वर्कशॉप नगरच्या एमआयडीसीत. नगर म्हणजे आताचं अहिल्यानगर. माझी जीभ अजून वळत नाही, वळेल. नाना तिथं तपासनीस होते आणि मी स्टोअर सांभाळायचो. आम्ही धातूचे सुटे भाग बनवायचो, आणि त्यातला मोठा हिस्सा दूर दक्षिणेतल्या एका राष्ट्रीय संस्थेला जायचा. संस्था क्षेपणास्त्रं बनवायची. हे अर्थातच गुप्त होतं. ड्रॉइंगवर नाव नसायचं, नुसता नंबर असायचा. मालकांनी आम्हा सगळ्यांकडून तोंड बंद ठेवण्याच्या कागदावर सह्या घेतल्या होत्या. आणि माळीवाड्याच्या स्टँडवर रिक्षात बसून वर्कशॉपचा पत्ता सांगितला, की रिक्षावाला मीटरला हात न लावता विचारायचा, "रॉकेटवाल्यांकडं ना?"

मालकांच्या केबिनमध्ये देवीचा फोटो होता आणि त्याच्याच शेजारी, त्याच मापाच्या चौकटीत, उडणाऱ्या क्षेपणास्त्राचा. सकाळी उदबत्ती दोघांनाही ओवाळली जायची. नाना म्हणायचे, "दोघांपैकी एकच पावणार आहे, आणि पावेल त्या दिवशी उदबत्ती लावायला कोणी उरायचं नाही."

आम्हा सगळ्यांना ते 'शास्त्रज्ञ' म्हणायचे. लेथवरचा माणूस शास्त्रज्ञ, झाडूवाला शास्त्रज्ञ. "काय शास्त्रज्ञ, डबा खाल्ला का?" त्यांना आम्ही पाठीमागं 'मायक्रॉन' म्हणायचो. त्यांना ते माहीत होतं. एकदा म्हणाले, "मायक्रॉन म्हणा, हरकत नाही. पण अर्धा मायक्रॉन म्हणाल तर अपमान समजेन."

आमच्याकडची सगळ्यात मानाची वस्तू म्हणजे शंकू. क्षेपणास्त्राच्या नाकाशी बसणारा, हातभर उंच, वर निमुळता होत जाणारा, आतून पोकळ. चांदीसारखा चमकायचा. भिंत जराशी पातळ झाली, तर दिसायला तसाच. पण नानांच्या मापकाखाली मेलेला. असे मेलेले नग भंगारात विकायची सोय नव्हती. संस्थेचा नियम होता : नापास शंकू उभा चिरून दोन तुकडे करायचे, तुकडे दोघांनी मोजायचे, दोघांनी सही करायची आणि पेटी सील करून संस्थेकडं परत पाठवायची. कारण नापास शंकूसुद्धा भलत्याच्या हाती पडला, तर त्याला त्यावरून पास शंकू बनवता येतो.

नियम एवढाच. बाकीचा विधी नानांचा.

शनिवारी जेवणाच्या सुट्टीआधी नापास नग ठेवायचा जाळीचा पिंजरा उघडायचा. ज्यानं तो नग बिघडवला त्या कारागिराला पुढं बोलवायचं. त्यानं शंकूवर हात ठेवून सगळ्यांसमोर सांगायचं, की हा कशानं गेला. "टूल झिजलं होतं, बदललं नाही." "मोबाईल वाजला." एकानं सांगितलं, "बायकोशी भांडून आल्तो." नाना सगळं लिहून घ्यायचे. ओरडायचे नाहीत. मग नग करवतीखाली जायचा. शेवटचा तुकडा पेटीत पडला, की सगळ्यांनी गेटबाहेरच्या लिंबापाशी जाऊन एकेक पान चावायचं, मयतीहून परतल्यावर चावतात तसं. नानांनी एकदा मालकांनासुद्धा पान चावायला लावलं. मालक तोंड वाकडं करून म्हणाले, "नाना, ही कंपनी आहे का स्मशान?"

"ते शंकू कुठं पडतात त्यावर आहे," नाना म्हणाले.

एवढं बोलून हा माणूस पुन्हा मापक घेऊन पुढच्या शंकूला भिडायचा. हा घोळ मला कधी उलगडला नाही. एकदा विचारलं, "नाना, तुम्हाला हे पटत नाही, तर करता कशाला?" ते म्हणाले, "पटत नाही असं कोण म्हणालं? मला कळत नाही. न कळणारी गोष्ट निदान मापात असावी."

जगात क्षेपणास्त्रांचा प्रसार होऊ नये म्हणून मोठमोठ्या देशांनी करार केलेत, हे पेपरात वाचून कोणीतरी चहाच्या टपरीवर काढलं. नानांनी बशीत चहा ओतला आणि जागतिक राजकारण पुणतांब्यात आणून ठेवलं. पुणतांबं त्यांचं गाव, गोदावरीकाठचं.

"आमच्या वस्तीवर आधी चार जणांनी बोअर घेतले. खोल. पाणी लागलं. मग त्याच चौघांनी ग्रामसभेत ठराव मांडला, की भूजल खाली चाललंय, यापुढं कोणी बोअर घ्यायचा नाही."

"म्हणजे लबाडच की."

"लबाड तर खरेच. पण शास्त्रज्ञ, पाणीही खरंच खाली चाललं होतं. गोची तिथं आहे. लबाड माणूस खरं बोलायला लागला की त्याचं काय करायचं, हे ग्रामसभेलाही ठरवता आलं नाही आणि या देशांच्या सभेलाही येणार नाही."

त्याच सुमारास एक गिऱ्हाईक आलं. सूट, अत्तर, गुळगुळीत कार्ड. परदेशातली मोठी ऑर्डर आहे म्हणाला, आणि मोबाईलवर एक चित्र दाखवलं. आमच्या शंकूचा सख्खा भाऊ. मालकांनी नानांना केबिनमध्ये बोलावलं. मी बिलं घेऊन तिथंच उभा होतो.

"कशाला हवाय?" नानांनी विचारलं.

"दूध थंड करण्याच्या यंत्रात बसतो."

नानांनी चित्र जवळ नेलं, लांब नेलं. "साहेब, आमच्या घरात चार पिढ्या म्हशी आहेत. दूध नासतं, हे मान्य. पण आवाजाच्या पाचपट वेगानं डेअरीत न्यावं, इतकं काही लगेच नासत नाही."

"नाना, गिऱ्हाईक आहे ते!" मालक.

"मग चहा पाजा. शंकू नको."

माणूस गेल्यावर नानांनी ते कार्ड टाचणीनं जोडून संस्थेला पत्र लिहिलं : अशी अशी चौकशी आली होती, नाकारली, माहितीसाठी. मालक पंधरा दिवस बोलले नाहीत. संस्थेकडून दोन ओळींचं आभाराचं पत्र आलं, ते नानांनी टेबलाच्या काचेखाली ठेवलं. त्यांच्या आयुष्यातलं ते बहुधा एकमेव प्रशस्तिपत्रक.

आता माझ्याबद्दल. इतका वेळ टाळत होतो.

माझं आजोळ राहात्याच्या अलीकडं, नगर-मनमाड रस्त्यावरून गाडीतून दिसेल इतक्या अंतरावर. तिथं मामानं पुढाकार घेऊन मारुतीचं देऊळ बांधलं. कळस बसवायचा मुहूर्त ठरला रविवारचा. कीर्तनकार ठरले, गावजेवणाची चुलाणं खणली, लेकीबाळी माहेरी आल्या, आणि बुधवारी कळस घेऊन येणारा टेम्पो कोल्हारजवळ कलंडला. कळसाचा वरचा भाग चेपून पत्रावळीसारखा झाला. खालचा घडा तेवढा वाचला.

मामाचा फोन आला. "भाच्या, तुज्या कंपनीत एवडी मशिनी हायेत, एक टोक करून मिळंना व्हय? का नुसतं रॉकेट रॉकेट म्हनून गावात फुशारक्या मारतू?"

फुशारक्या मी खरंच मारल्या होत्या. गावात मला विचारायचं कोणी नव्हतं. शेती भावाकडं, मी नोकरदार. गेलो की लोक विचारायचे, काय रं, काय करतूस तिकडं, आणि मी डोळे मिचकावून म्हणायचो, सांगता येत नाही. त्या दिवशी मामाला म्हणालो, "शनिवारी रात्रीपर्यंत आणतो. असा आणतो, की पंचक्रोशीत नसेल."

पिंजऱ्यात बारा नापास शंकू होते. गुरुवारी नानांनी स्वतः मोजून ठेवलेले.

पिंजऱ्याला दोन कुलपं. एकाची किल्ली माझ्याकडं, दुसऱ्याची नानांच्या करगोट्याला बांधलेली. ती किल्ली काढायला त्यांना दरवेळी शर्ट वर करावा लागायचा आणि पोरं हसायची. पण त्या आठवड्यात नानांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. दोन्ही डोळ्यांत मोती पिकला होता, ते पुढं ढकलत आले होते, पण महिन्यावर मुलीचं लग्न आलं आणि काकूंनी दम भरला, "पोरीला हळद लागल्याली तरी धड दिसू द्या." शुक्रवारी एका डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. एरवी शनिवारचं चिरायचं कामही त्या आठवड्यात शुक्रवारीच उरकायचं होतं, करवत शनिवारी दुसऱ्या ऑर्डरला लागणार होती. गुरुवारी संध्याकाळी नानांनी शर्ट वर केला, गाठ सोडली आणि किल्ली माझ्या हातावर ठेवली.

"चिरून ठेव. मोजणी आणि विधी शनिवारी. मी येतो."

"डोळ्याला पट्टी असेल नाना."

"कानाला नसेल."

शुक्रवारी मी करवतीवर अकरा शंकू दिले. करवतवाल्याला किती द्यायचे याच्याशी देणंघेणं नव्हतं. बारावा गोणपाटात गुंडाळून मोटरसायकलला बांधला आणि दोन गल्ल्या सोडून मुलामा देणाऱ्याकडं नेला. सोनेरी करून दे म्हटलं. काय आहे, त्यानं विचारलं. कळस, मी म्हणालो. आणि ते बोलताना मला जराही खोटं बोलल्यासारखं वाटलं नाही. तो कळसच होता. मापात दोन शतांश मिलिमीटर कमी होता, पण मारुतीला काय कमी पडणार होतं?

शनिवारी नाना आले. एका डोळ्यावर हिरवी पट्टी, दुसऱ्यावर काळा चष्मा, काठी टेकत. लोखंडी पेटीशेजारी स्टूल मांडलं, त्यावर बसले. कारागिरांनी आपापले गुन्हे सांगितले. मग नाना म्हणाले, "तू मोज. मी ऐकतो."

एकेक अर्धुक उचलून मी पेटीत टाकत गेलो. ठण्ण, ठण्ण. "एक." ठण्ण, ठण्ण. "दोन." नाना मांडीवर बोटानं ताल धरून ऐकत होते. अकरापर्यंत खरं होतं. मग माझ्यापुढं काही उरलं नाही. मी पेटीत हात घातला, वरचीच दोन अर्धुकं आवाज न करता उचलली आणि पुन्हा टाकली. ठण्ण. ठण्ण.

"बारा," मी म्हणालो.

बाकीचे लिंबाकडं निघाले होते. नानांनी सहीची जागा विचारली. मी त्यांचं बोट धरून कागदावर टेकवलं. त्यांनी सही केली. मग मीही पान चावलं. कडू लागलं, पण दरवेळीच लागायचं.

रविवारी कळस चढला. ढोल-ताशा, गुलाल, लाडू. खाली तांब्याचा घडा आणि वर तो. उन्हात असा लखलखला, की बायकांनी डोळ्यांवर पदर घेतले. मामानं मला मिठी मारली. "भाच्या, नाव काढलंस." कीर्तनकार बुवांनी मला शाल घातली. शेजारी बसलेला म्हातारा म्हणाला, "लई टोकदार हाय पर. आभाळाला टोचंल."

तीन आठवड्यांनी संस्थेतून दोन अधिकारी आले. पेटीत चोवीस अर्धुकं हवीत, बावीस आहेत. म्हणजे एक अख्खा शंकू बेपत्ता.

मला वाटलं होतं, एक नग म्हणजे काय, माफीचं पत्र लिहितील. दोघांतले मोठे अधिकारी शांत होते, चष्मा पुसत बोलायचे. त्यांनी समजावून सांगितलं. देशाबाहेर लोक डोळे लावून बसलेत. आपल्या देशाला मोठ्या देशांच्या पंगतीत बसायचं असेल, तर आपल्या घरातून अशी वस्तू बाहेर जात नाही, हे दाखवावं लागतं. उद्या हा शंकू कुठल्या भलत्या देशात सापडला, तर तो नगरचा म्हणून कोणी म्हणणार नाही, भारताचा म्हणतील. मी मान हलवत होतो. त्या क्षणी भारताचा शंकू मारुतीच्या डोक्यावर होता आणि त्याच्यावर बहुधा कावळा बसला होता.

नानांना समोर बसवलं. पट्टी निघालेली होती. दुसरी सही माझी, म्हणून मीही शेजारी.

"परदेशात नातेवाईक?"

"नाही. साडू आहे, नाशिकला."

"अशा वस्तूची चौकशी पूर्वी तुमच्याकडं कोणी केली होती?"

"केली होती. मीच तुम्हाला कळवलं होतं. तुमचं आभाराचं पत्र आहे काचेखाली."

अधिकाऱ्यांनी लिहून घेतलं. "म्हणजे तुमचा त्या लोकांशी संपर्क आला होता."

नाना त्यांच्याकडं बघत राहिले. मला वाटलं आता काहीतरी खमंग बोलणार. त्यांनी खिशाचा व्हर्निअर नुसता सरळ केला.

"मोजणी कोणी केली?"

प्रश्न कोणाला होता ते आजही मला माहीत नाही. पण उत्तर मी दिलं. "नानांनी मोजलं, साहेब. मी नुसती सही केली."

पुढं काय होईल याचा मी विचार केला नव्हता. नाना म्हणू शकले असते, की माझ्या डोळ्याला पट्टी होती, हा मोजत होता. दहा माणसांनी पाहिलेलं होतं. नानांनी माझ्याकडं मान वळवली नाही.

"बरोबर," ते म्हणाले. "मोजणी माझी. पहिली सही माझी आहे."

नगर जिल्ह्यात कुठलीही चौकशी शिर्डीच्या दर्शनाशिवाय आटोपत नाही. दुसऱ्या दिवशी मालकांनी मला साहेबांबरोबर पाठवलं. राहाता जवळ आलं तसा मी साहेबांना उजव्या हाताकडचं काहीबाही दाखवायला लागलो. डाव्या हाताला ऊस, त्यापलीकडं देऊळ, आणि उन्हात लखलख. साहेबांनी काच खाली केली.

"कोणाचं मंदिर?"

"मारुतीचं."

"कळस सुंदर आहे हो." आणि साहेबांनी चष्मा काढून, डोळे मिटून, बेपत्ता शंकूला हात जोडले.

सांगायचं तर तेव्हाच सांगता आलं असतं. बोट दाखवलं असतं तरी पुरे होतं. मीही हात जोडले.

नानांवर चोरी सिद्ध झाली नाही, कारण तसा पुरावाच नव्हता. पण संशय नावाच्या गोष्टीला पुरावा लागत नाही. संस्थेनं त्यांची तपासनीस म्हणून असलेली मान्यता काढून घेतली. ऑर्डर टिकवायची म्हणून मालकांनी त्यांना घरी बसवलं. निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं. एमआयडीसीत बातमी पसरायला दोन दिवस लागले आणि तोवर ती वाढली होती : मायक्रॉननं देश विकला. ती सावेडीतून व्याह्यांकडं पोचली. लग्नाच्या पत्रिका छापून झाल्या होत्या. मुलाकडचे लोक येऊन अगदी गोड बोलले, म्हणाले, चौकशीचं मिटू द्या, मग बघू. मिटलं ते लग्नच. मला हे मालकांच्या ड्रायव्हरकडून कळलं. ऐकून मी म्हणालो, "अरेरे." आणि डबा उघडला.

नाना सावेडीचं घर सोडून पुणतांब्याला गेले. जायच्या दिवशी माझ्या टेबलाशी आले, व्हर्निअर खिशाला नीट लावला आणि म्हणाले, "पेट्या जपून पाठवत जा, शास्त्रज्ञ." बस्स.

त्यांच्या खुर्चीवर मालकांनी मला बसवलं. तपासनीस आता मी आहे. विधी बंद झाला; कारागिरांना बरं वाटलं. काही वर्षं अशी गेली. मामाच्या देवळाला जत्रा भरायला लागली. मी दर हनुमान जयंतीला जायचो आणि वर बघायचो नाही.

गेल्या थंडीत वर्कशॉपच्या गेटवर पुणतांब्याचा एक शेतकरी आला. त्याला लोखंडी कडं करून हवं होतं, आतून बरोबर पंचेचाळीस मिलिमीटर.

"कशाला?"

"कांद्याला. आमच्याकडं एक म्हातारा हाय. कड्यातनं कांदा खाली पडला तर बारीक, आडकला तर मोठा. ब्यापारी आन् आमी भांडायचो निवड करताना, आता भांडन न्हाई. त्याचं कडं कोनीतरी पळवलं. तो म्हनतो, दुसरं आना, पर पंचेचाळीस म्हंजी पंचेचाळीसच."

कडं मी स्वतः लेथवर उभं राहून केलं. आणि शेतकऱ्याला म्हणालो, मीच घेऊन येतो.

पुढचं आधीच सांगून टाकतो, म्हणजे मधे अडखळायला नको. नानांच्या घरून परतल्यावर दुसऱ्याच दिवशी मी संस्थेला रजिस्टर पत्र टाकलं. सगळं लिहिलं. मामा माझ्याशी बोलत नाही. गावात पाय ठेवू नको, असा मला निरोप आहे. कळस उतरवायचा तर विधी लागतो, आणि विधी करायला बुवा तयार नाहीत. तो न उतरवता मोजायचा कसा, यावर संस्था आणि तहसील यांचा पत्रव्यवहार चालू आहे. माझं काय व्हायचं ते होईल. नोकरी जाईल, कदाचित त्याहून जास्त. पण नाना निर्दोष आहेत, हे आता एका सरकारी फायलीत माझ्या अक्षरात आहे. उशिरा आहे, पण आहे.

तर पुणतांबं. नाना ओसरीत कांद्याच्या ढिगाशी बसले होते. बारीक झाले होते. मी कडं पुढं केलं. त्यांनी खिशातून व्हर्निअर काढला, आतून लावला. "दोन शतांश जास्त." मग हसले. "चालेल. कांदा कुठं उडायचाय. बस."

काकूंनी दारातून पाहिलं, "या," म्हणाल्या आणि चहा टाकायला आत गेल्या.

मी बसलो आणि सांगून टाकलं. मुहूर्त, टेम्पो, गोणपाट, मुलामा. पेटीत पुन्हा घातलेला हात. साहेबांसमोर बोललेलं खोटं. कांद्याकडं बघत सांगितलं. मला वाटत होतं थोबाडीत बसेल. खरं म्हणजे त्याचसाठी गेलो होतो.

नाना हातातला कांदा कड्यातून आतबाहेर करत राहिले. मग त्यांनी एकच विचारलं. "वरची दोन उचलून पुन्हा टाकलीस?"

"हो."

"दोनदा आवाज झाला?"

"हो."

"म्हणजे एकूण चोवीस!" त्यांनी मांडीवर थाप मारली. तोंडावर असा उजेड आला, की मला बघवेना. "शास्त्रज्ञा, मी चोवीस ऐकले होते रे! पुढं इतकी वर्षं मला वाटायचं, माझा कानच गेला. तू खोटं मोजशील हे कधी डोक्यातच आलं नाही, कारण आवाज चोवीस झाले होते. मग मीच चुकलो असणार. रात्री पडल्या पडल्या मोजायचो. दर वेळी चोवीसच यायचे, आणि दर वेळी म्हणायचो, म्हाताऱ्या, तुझा भरवसा नाही."

"नाना, तुम्ही तेव्हा का नाही सांगितलं, की मोजत मी होतो?"

"न बघता सही मी केली. ती चूक माझीच होती, ती तुझ्या गळ्यात कशी घालू?" हे त्यांनी माशी वारावी तसं बाजूला सारलं आणि बोट उंचावून, आत तोंड करून ओरडले, "अगं ऐकलंस का? चोवीसच झाले होते! कान शाबूत होते माझे!"

काकू दारातच उभ्या होत्या. हातात दोन कप. सगळं ऐकलेलं होतं. त्यांनी एक कप नानांपुढं ठेवला. दुसरा हातातच राहिला.

"आन् पोरीचं लगीन मोडलं," त्या मला म्हणाल्या, आवाज न चढवता, भाव विचारावा तशा, "त्याचे किती झाले वो आवाज? मोजलं आसंल ना तुमी? तुमी स्टोअरला हुतात."

नानांचं वर गेलेलं बोट तसंच राहिलं, मग हळूहळू खाली आलं. ते कांद्याकडं बघायला लागले.

काकूंनी वाकून तो कप माझ्यापुढं ठेवला, अगदी हाताशी, सांडू न देता.

"घ्या. दारात आल्याल्या मान्साला बिनच्याचं लावायची आमच्यात पद्धत न्हाई. पर पुन्यांदा येऊ नका."

आणि त्या तिथंच उभ्या राहिल्या. मी चहा प्यालो. सगळा.